तुळस, पुदिना, पॅचौली : तेल काढायला निघालात? आधी या चुका टाळा

सुगंधी तेलाच्या धंद्यात नव्याने उतरणारा माणूस आमच्या डिस्टिलेशन शेडवर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, टाकी कितीची घेऊ?" कोणती जात लावायची, बेणं कुठून आणायचं, तेल घेणार कोण, यातलं काहीच ठरलेलं नसतं. टाकीचं कोटेशन मात्र खिशात तयार.

पुदिना कुळातल्या झाडांचं (तुळस आणि पॅचौलीही त्यातलीच) तेल बहुतेक करून पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींत साठतं. पान उलटं करून भिंगाखाली धरलंत तर चमकणारे ठिपके दिसतात, त्याच त्या ग्रंथी. टाकीतली वाफ तिथलं तेल उचलून बाहेर आणते, एवढंच तिचं काम. ग्रंथीत जे नाही ते दहा लाखांच्या टाकीतूनही निघत नाही. तरी लोक पैसा टाकीत घालतात आणि रोपांत काटकसर करतात.

भलताच पुदिना लावणे

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता ट्रॉलीवरची ताडपत्री निघाली की वासावरूनच कळतं. सिन्नरकडच्या एका तरुण शेतकऱ्याचं उदाहरण सांगते. कांद्याचं एक एकर रान मोकळं करून त्याने 'मेंथा', म्हणजे मेंथॉलचा पुदिना, लावला होता. एका रोपवाटिकेने बेणं देताना तेलाच्या टक्केवारीपासून मुंबईतल्या दरापर्यंत सगळं सांगितलं होतं. पीक जोमदार आलं, खुरपणी नीट, पाणी वेळेवर, मुलगा कष्टाळू. ट्रॉली शेडमध्ये आली आणि सगळीकडे हिरव्या चटणीचा वास सुटला. मेंथ्याचा वास असा नसतो. तो नाकात गार, टोचणारा लागतो, पान चुरगळलं तर डोळ्यांपर्यंत जातो.

मी त्याला तिथेच सांगितलं. त्याला पटलं नाही, पटणार तरी कसं? वर्षभराचे कष्ट समोर पडले होते. माल टाकीत भरला, तेल निघालं, तेही बऱ्यापैकी. एक छोटी बाटली भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली, शेजारी सीमॅपच्या (औषधी-सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संशोधन संस्था) 'कोसी' या मेंथा जातीच्या तेलाची बाटली ठेवली. सकाळी कोसीच्या बाटलीत मेंथॉलच्या पांढऱ्या सुयांचं जाळं झालं होतं. त्याच्या बाटलीतलं तेल तसंच पातळ. जीसीचा, म्हणजे तेलातले घटक मोजणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट आला तेव्हा त्यात निम्म्याहून जास्त कार्व्होन (चटणीच्या पुदिन्याच्या वासाचा घटक) होतं, मेंथॉल नावालाच. तो घरगुती पुदिना होता, म्हणजे स्पिअरमिंट. "तेल तर निघालं ना मॅडम?" एवढंच तो परत परत विचारत होता.

स्पिअरमिंटच्या तेलालाही गिऱ्हाईक आहे, टूथपेस्ट आणि च्युइंगमवाले ते घेतात. पण त्यांना दरवेळी एकाच प्रतीचं तेल लागतं आणि ते ड्रमने लागतं. एका एकरातल्या चार कॅनसाठी कोणी फोनसुद्धा उचलत नाही.

मेंथॉल हवं असेल तर जपानी पुदिना, म्हणजे मेंथा आर्व्हेन्सिस, लावायचा. चांगल्या जातीच्या तेलात ७० ते ८० टक्के मेंथॉल असतं आणि तेल थंड केलं की ते स्फटिक होऊन वेगळं होतं. पेपरमिंट हा आणखी वेगळा, संकर आहे. त्यात मेंथॉल बरंच कमी, त्यामुळे फ्रीझरची परीक्षा त्याला लावू नका. बेणं लखनौच्या सीमॅपकडून किंवा ज्याच्या तेलाचा रिपोर्ट तुम्ही स्वतः पाहिला आहे अशा शेतकऱ्याकडून आणा. बिलावर जातीचं नाव लिहून घ्या. माझी सवय अशी की बेणं देणाऱ्याच्या शेतातला मूठभर पाला आधी काचेच्या क्लेव्हेंजर उपकरणात (प्रयोगशाळेतली छोटी टाकीच) उकळून बघते. एका दुपारचं काम आहे. तेवढी दुपार द्यायची ज्याची तयारी नाही, त्याने एकर लावू नये.

आणखी एक. मेंथा ही उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी पट्ट्याची ताकद आहे. तिथे बटाटा-मोहरी निघाल्यावर लावून पावसाआधी कापतात, पाणी हाताशी असतं, खेड्याखेड्यांत टाक्या आहेत, आणि दर वायदेबाजारात ठरतो. शिवाय कारखान्यात बनणारं कृत्रिम मेंथॉल त्या दराच्या डोक्यावर कायम बसलेलं असतं. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते त्या गावात या पिकाच्या नादी लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

'तुळस ती तुळस' म्हणणे

कृष्णतुळस, सब्जा, रानतुळस, कापूरतुळस यांची तेलं वेगवेगळी असतात. एकाच जातीतही रासायनिक प्रकार निघतात. कुठल्या सब्ज्यात लिनालूल हा घटक भरपूर, कुठल्यात मिथाइल चाविकॉल. दुसऱ्या प्रकाराचं तेल खाद्यपदार्थांसाठी युरोपात पाठवायचं म्हटलं की नियम आडवे येतात. घरचं बी धरू नका. मधमाश्या बांध पाहत नाहीत, दोन प्रकार जवळ लावलेत तर पुढच्या वर्षीच्या तेलाचा भरवसा संपला.

कापून ढीग लावणे

पावसानंतर किंवा पाणी दिल्यावर लगेच कापू नका. ऊन पडू द्या. कापलेला पुदिना सावलीत पातळ पसरून सुकवला तर टाकीत जास्त बसतो आणि सरपण वाचतं. ढीग मात्र रात्रीत तापतो. सकाळी हात घालून बघा, आत वाफ लागते. काळ्या पडलेल्या पाल्याचं तेल मी शेडवर काढू देत नाही, कितीही विनवण्या केल्या तरी.

घाईने टाकी बंद करणे

पहिल्या तासात तेल धो धो येतं, मग धार बारीक होते, आणि लाकूड वाचवायला लोक आग ओढून घेतात. पुदिन्यात एक वेळ हे खपेल. पॅचौलीत ही घाई म्हणजे मालाचं वाटोळं. अत्तरवाले ज्यासाठी पैसे मोजतात ते पॅचुलॉल जड असतं, सावकाश आणि शेवटी येतं. तीन तासांत टाकी उघडणाऱ्याला हलकं, उथळ वासाचं तेल मिळतं. सहा-आठ तास धरून बसावंच लागतं.

पॅचौलीचं तेल पानाच्या आतल्या ग्रंथींतही असतं, म्हणून पाला ओला भरायचा नाही. सावलीत पातळ थर, रोज उलथापालथ, पान हाताला कागदासारखं लागेपर्यंत. लोखंडी टाकीत तेल काळपट उतरतं, त्यामुळे स्टेनलेस स्टीलवर खर्च करायचा असेल तर इथे करा.

तुळशीत वेगळाच घोटाळा होतो. सगळ्यांच्या डोक्यात असतं की तेल पाण्यावर तरंगतं. युजेनॉल (लवंगेच्या वासाचा घटक) मात्र पाण्यापेक्षा जड आहे. ज्या तुळशीत ते भरपूर, तिचं तेल पाण्याशी जवळजवळ बरोबरीने राहतं, कधी तळाशीही बसतं. सेपरेटरमधून, म्हणजे तेल-पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यातून, येणारं दुधाळ पाणी लोक गटारात सोडतात आणि 'तेल कमी निघालं' म्हणून बियाण्याला शिव्या देतात. टनभर ओल्या तुळशीतून मुळात एक-दोन किलो तेल निघायचं, त्यातलं गटारात गेल्यावर उरणार काय? कंडेन्सरचं (वाफ थंड करणाऱ्या नळ्यांचं) पाणी फार गार ठेवू नका, सेपरेटर मोठा घ्या, आणि ते दुधाळ पाणी पुन्हा टाकीत फिरवा.

थोडक्यात, पण टाळाच

तेल पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत ठेवू नका, ॲल्युमिनियमचा कॅन किंवा गडद काच वापरा. तेलात पाण्याचा थेंब राहू देऊ नका. लॅव्हेंडर जम्मूतल्या भदरवाहच्या थंड हवेत फुलतं, रील पाहून ते सोलापुरात लावू नका. चौकोनी खोड, समोरासमोर पानं ही या कुळाची खूण. गवती चहा आणि दवणा यातले नव्हेत, मरवा मात्र आहे.

घरी बाम बनवून विकणाऱ्या ताईंना मी हात जोडून सांगते की मेंथॉलचा बाम तान्ह्या बाळाच्या नाकाशी लावायला कोणालाही सांगू नका. त्याने बाळाचा श्वास अडकू शकतो. डबीवर तसं ठळक छापा. तुळशीचं तेलही निव्वळ कातडीवर चोळायचं नसतं, युजेनॉलने चट्टे उठतात.

प्रोजेक्टवाल्या विद्यार्थ्यांसाठी

दरवर्षी एमएस्सीची मुलं 'तुळशीचा जंतुनाशक गुण' घेऊन येतात. बाजारातून जुडी आणलेली असते, प्लेटवर तेलाभोवती जंतू न वाढलेला गोल पडल्याचा फोटो असतो आणि निष्कर्ष आधीच लिहिलेला असतो. झाड कुठलं, कोणी ओळखलं, कधी तोडलं, याची नोंद नाही. हर्बेरियमचा (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाचा) नमुना दाबून विभागात जमा केलेला नसेल तर तुमचा आकडा कुठल्या वनस्पतीचा हे पुढच्या संशोधकाला कधीच कळणार नाही. तेल आगरमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाही, म्हणून नुसत्या गोलाच्या व्यासावर दोन तेलांची तुलना करू नका. तेल पाण्यात मिसळवणाऱ्या ट्वीन किंवा डीएमएसओत पातळ करून किमान रोधक मात्रा (जंतूंची वाढ थांबवणारं सर्वांत कमी प्रमाण) काढा, आणि नुसत्या ट्वीनची किंवा डीएमएसओची एक रांग शेजारी ठेवाच. जीसी-एमएस यंत्राच्या लायब्ररीने घटकाचं पहिलं सुचवलेलं नाव उतरवून काढू नका, रिटेन्शन इंडेक्सशी (घटक यंत्रातून बाहेर पडायच्या वेळेवरून काढलेल्या आकड्याशी) ताडून बघा. या कुळातली टर्पीनं (तेलातले सुगंधी घटक) एकमेकांच्या इतकी जवळ असतात की मशीनही चुकतं. माझ्याकडे तेल मागायला येणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी हर्बेरियमचा क्रमांक विचारते, आणि तो सांगितल्याशिवाय बाटली देत नाही.