कार्बनला भाव लावताना अमेरिकेतली राज्यं कुठे घसरतात: या चुका टाळा

कार्बनला किंमत लावायची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्याला त्याचे पैसे मोजायला लावायचे, म्हटलं की सगळा वाद एकाच आकड्यावर होतो: टनामागे किती डॉलर? अमेरिकेतल्या राज्यांचा २००९ पासूनचा अनुभव पाहिला, तर योजना अडतात त्या भलत्याच ठिकाणी.

लिलाव होतो, पण भाव तळाला

ईशान्येकडच्या दहा राज्यांनी वीजकेंद्रांसाठी ‘रेगी’ ही संयुक्त योजना २००९ मध्ये सुरू केली. उत्सर्जनाची कमाल मर्यादा ठेवली वर्षाला १८.८ कोटी टन. परवाने त्या मर्यादेइतकेच, आणि एक परवाना म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड सोडायची मुभा; कंपन्यांनी ते लिलावात विकत घ्यायचे. त्याच सुमारास मंदी आली, नैसर्गिक वायू स्वस्त झाला, कोळशाची केंद्रं मागे पडली आणि उत्सर्जन मर्यादेच्या कितीतरी खाली गेलं. परवाने असे मुबलक असताना चढा भाव कोण देणार? न्यू जर्सी बाहेर पडल्यावर मर्यादा १६.५ कोटींवर आली, तरी जादा परवान्यांचा फुगवटा होताच. २०१४ मध्ये ती एकदम ९.१ कोटींवर आणली गेली आणि कंपन्यांकडे पडून असलेले परवाने पुढच्या वर्षांच्या मर्यादेतून वजा होऊ लागले. खरी दुरुस्ती ती.

म्हणून मर्यादा अंदाजावर नको, मोजलेल्या उत्सर्जनावर हवी. शिवाय लिलावाला किमान भाव हवा आणि तो दरवर्षी चढता हवा. कॅलिफोर्नियात तो महागाईच्या वर पाच टक्क्यांनी वाढतो.

पैसा जमतो, पण लोकांना दिसत नाही

इथे वॉशिंग्टन राज्याकडे बघावं. २०१६ मध्ये कार्बन कराचा सगळा पैसा इतर करांत सूट देऊन परत करायचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. पर्यावरणाच्या बाजूच्याच काही संघटना विरोधात गेल्या आणि तो पडला. २०१८ मध्ये उलट प्रयोग झाला: टनामागे १५ डॉलर शुल्क, आणि पैसा स्वच्छ ऊर्जेसारख्या कामांना. तोही पडला. शेवटी विधिमंडळाने २०२१ मध्ये मर्यादा आणि लिलावाचा कायदा केला.

२०२३ मध्ये लिलाव सुरू झाले. पेट्रोलवर जेमतेम काही सेंटचा फरक पडेल, असं राज्यपाल आधी सांगत होते. ऑगस्टमध्ये परवाना ६३ डॉलरला गेला. एक गॅलन पेट्रोल जळलं की जवळपास ८.९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे परवान्याच्या दर १० डॉलरमागे गॅलनला सुमारे ९ सेंट. इतका सोपा हिशेब लोकांपुढे पहिल्याच दिवशी मांडायला हवा. दडवला तर विरोधक पंपावर उभे राहून मांडतातच.

कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव २०२४ च्या मतपत्रिकेवर आला, तोवर भाव बराच उतरला होता. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना वीजबिलात २०० डॉलरची सूट मिळाली होती, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना बसप्रवास मोफत होता. सुमारे ६२ टक्के मतदारांनी कायदा राखला. एकट्या सवलतींनी हे घडलं असं म्हणणं धाडसाचं ठरेल, पण ‘कायदा गेला तर हे जाईल’ असं बोट दाखवून सांगता येत होतं. कॅलिफोर्नियाही वीजबिलात परतावा देते. माझ्या मते तो बिलाच्या ओळींत हरवून जातो.

टन घटले, पण कारखान्याशेजारची हवा तशीच

कार्बनचा परवाना विकत घेऊन एखादी रिफायनरी पूर्वीइतकाच धूर सोडू शकते. बाजाराला टन कुठे घटला याच्याशी देणंघेणं नसतं. त्यासाठी स्थानिक प्रदूषकांवर वेगळे नियम आणि वेगळं शुल्क लागतं. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये वस्त्यांच्या हवेसाठी स्वतंत्र कायदा केला, तो याच तक्रारीतून. बाहेरून येणाऱ्या विजेचं उत्सर्जनही मोजायला विसरू नये, नाहीतर धूर फक्त सीमेपलीकडे सरकतो.

हा कर की शुल्क, हे कोर्टावर सोडलं

मे २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लिलावात जेमतेम ११ टक्के परवाने खपले. लिलाव म्हणजे बेकायदा कर, असा दावा न्यायालयात पडून होता आणि २०२० नंतर योजना राहील का, याचीही खात्री नव्हती. २०१७ मध्ये निकाल राज्याच्या बाजूने लागला. पण विधिमंडळ तेवढ्यावर विसंबलं नाही. नव्या करासाठी तिथे लागतं तितक्या, म्हणजे दोन तृतीयांश बहुमताने त्याने योजना २०३० पर्यंत वाढवून घेतली. पेनसिल्व्हेनियात राज्यपालांनी विधिमंडळाला वळसा घालून ‘रेगी’त शिरायचं ठरवलं. तिथल्या न्यायालयाने २०२३ मध्ये त्याला कर ठरवून नियम रद्द केला, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाच्या तडजोडीत राज्याने योजनेचा नादच सोडला.