घरच्या जनरेटरचे ऑईल कसे बदलावे

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत वीज गेल्यावर जनरेटर तासन्‌तास चालवावा लागतो. तापलेल्या हवेत इंजिन थंड ठेवण्याचे बरेचसे काम ऑईलवर येऊन पडते. म्हणून खानदेशात ऑईल फाल्गुनातच, उन्हाचा कडाका सुरू होण्यापूर्वी बदलून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. लहान पेट्रोल जनरेटरसाठी साधारणपणे १०० तास किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी होईल ते प्रमाण मानतात. नव्या यंत्राचे पहिले ऑईल मात्र सुरुवातीच्या २० ते ३० तासांतच काढावे लागते, कारण नवे भाग एकमेकांवर घासून निघालेला धातूचा बारीक कीस त्यात उतरलेला असतो. डिझेल जनरेटरचे तास वेगळे असतात, ते त्याच्या पुस्तिकेतच पाहावेत.

ऑईलची श्रेणीही, म्हणजे ते किती दाट किंवा पातळ घ्यायचे हे, पुस्तिकेतील तापमानाच्या तक्त्यावरून ठरवावी. १०डब्ल्यू-३० सारखे पातळ ऑईल आपल्याकडच्या उन्हाळ्यात अधिक खर्ची पडते, तेव्हा तक्त्यात अनुमती असल्यास एसएई ३० किंवा १५डब्ल्यू-४० घेणे बरे. मोटारसायकलचे उरलेले ऑईल ओतून वेळ मारून नेऊ नये.

प्रथम जनरेटर मोकळ्या जागी, सपाट ओट्यावर ठेवून भार न जोडता तीन ते पाच मिनिटे चालवावा. ऑईल कोमट झाले की पातळ होते आणि तळाचा गाळ सोबत घेऊन बाहेर पडते. त्यानंतर इंजिन बंद करून पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी. वीज जाताच आपोआप सुरू होणारा जनरेटर असेल, तर पॅनेलचे बटण ‘ऑफ’वर आणून बॅटरीची ऋण तार सोडवल्याशिवाय त्याला हातही लावू नये, कारण काम चालू असतानाच वीज गेली, तर यंत्र क्षणात फिरू लागते आणि बोटे वाचवायला सवड मिळत नाही.

आता ऑईल भरण्याच्या तोंडाभोवतीची धूळ फडक्याने स्वच्छ पुसावी. काळ्या मातीची ही मऊ धूळ झाकण उघडताच आत पडते, म्हणून पुसणे आधी आणि उघडणे नंतर. ड्रेन बोल्टखाली, म्हणजे ऑईल काढण्यासाठी इंजिनच्या तळाशी असलेल्या बोल्टखाली, पसरट भांडे ठेवून नेमक्या मापाच्या पान्याने बोल्ट सैल करावा आणि शेवटचे आटे हाताने फिरवावेत. धार थांबून थेंब पडू लागले, तरी आणखी काही मिनिटे थांबावे.

निघालेले ऑईल बोटांत चोळून पाहावे. ते काळे असणे स्वाभाविक आहे. मात्र उन्हात धरल्यावर त्यात धातूचे चमकते कण दिसले, किंवा ते दूध घातलेल्या कॉफीसारखे गढूळ असले, तर आत झीज होत आहे किंवा पाणी शिरले आहे, असे समजून मेकॅनिकला बोलवावे.

बोल्टचा वॉशर दबलेला असेल तर नवा घालावा आणि बोल्ट बेताने आवळावा. जास्त जोर लावल्यास ॲल्युमिनियमचे आटे जातात. ऑईल फिल्टर असल्यास नव्या फिल्टरच्या रबरी कडेला ऑईलचे बोट लावून तो हातानेच बसवावा.

नरसाळ्याने नवे ऑईल थोडे थोडे ओतावे. पुष्कळशा लहान जनरेटरांत डिपस्टिक (ऑईलची पातळी मोजायची पट्टी) आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहायची असते, हे अनेकांना ठाऊक नसते. ऑईल जास्त झाले तर ते एअर फिल्टरपर्यंत चढते आणि इंजिन धूर ओकते. कमी पडले तर सेन्सर इंजिन बंद पाडतो आणि दोष मात्र पेट्रोलला दिला जातो. टोपी व तार परत जोडून दोन मिनिटे इंजिन चालवावे, बोल्टजवळ गळती पाहावी, मग बंद करून पाच मिनिटांनी पातळी पुन्हा तपासावी. तारीख आणि तासांचा आकडा यंत्रावरच कागद चिकटवून लिहावा.

जुने ऑईल नाल्यात, विहिरीजवळ किंवा केळीच्या बागेच्या बांधावर ओतू नये. वापरलेले ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे ऑईल पाठवणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे.