चॅनेल केबल टाकायला मुंबईला निघण्याआधी

भावा, महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची आहे. पण मेनफ्रेमला (मोठ्या कंपन्यांच्या मुख्य संगणकाला) चॅनेल केबलनं, म्हणजे फायबर केबलनं, नवीन डिस्क जोडायचं निम्मं काम इथं कोल्हापुरातच, वहीवर उरकायचं. कॉन्फिगरेशनचा ताजा प्रिंट मागवून घे आणि प्रत्येक केबलची एक ओळ लिही: चिपिड नंबर (मेनफ्रेमच्या चॅनेलचा क्रमांक), डायरेक्टरचा (मधल्या स्विचचा) पोर्ट, कंट्रोल युनिटचा (डिस्क चालवणाऱ्या युनिटचा) पोर्ट. ओळ अर्धी राहिली तर निघायच्या आधी फोन करून पूर्ण कर.

मग केबल. लाँगवेव्ह फायकॉन कार्डाला (फायकॉन म्हणजे मेनफ्रेमची फायबर जोडणी) ९ मायक्रॉन गाभ्याची सिंगलमोड केबल लागते, ती साधारण १० किलोमीटरपर्यंत चालते. शॉर्टवेव्हला जाड गाभ्याची मल्टिमोड; १६ गिगाबिटच्या वेगाला ओएम३ या मल्टिमोड प्रकारावर फक्त १०० मीटर. कनेक्टर दोन्हींचे एकाच एलसी प्रकारचे, त्यामुळे चुकीची केबलसुद्धा गपकन बसते. रंगावर जाऊ नकोस, केबलवर छापलेलं वाच. जुनं एस्कॉनवरचं (फायकॉनच्या आधीची जोडणी) टेप युनिट असेल तर कन्व्हर्टर आहे का ते विचार. आयबीएमच्या झेड१९६ आणि झेड११४ या मेनफ्रेमनंतरच्या मशीनला एस्कॉन कार्ड येतच नाही.

सगळ्यात जास्त वेळ सफाईला ठेव. ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर धुळीचा एक कण बसला तरी प्रकाश अडतो, आणि लिंक बंद न पडता अधूनमधून एरर देत राहते. हा दोष शोधायला फार छळतो. स्कोप (केबलचं टोक मोठं करून दाखवणारा) आणि क्लिक क्लीनर (टोक पुसायचं पेन) बॅगेत हवेतच. शिरोलीच्या फाउंड्रीपट्ट्यातून येणार असशील तर बॅग आधी पुसून घे, तिथली वाळू फार बारीक. आधी स्कोपखाली बघ, पुसून पुन्हा बघ, मगच खोच. नवीन केबलही याला अपवाद नाही, टोपीतली घाण टोकाला लागलेली असते. चालू केबलच्या टोकात डोळा घालायचा नाही. १३१० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, पण असतो.

एका डिस्कला आठपर्यंत पाथ, म्हणजे मेनफ्रेमपासून डिस्कपर्यंतचे रस्ते, देता येतात. किती दिले यापेक्षा ते कुठून गेले ते बघ. दोन पाथ दोन वेगळ्या कार्डांतून, दोन डायरेक्टरांतून आणि दोन वेगळ्या केबल ट्रेमधून गेले पाहिजेत. एकाच ट्रेमध्ये असतील तर एका ओढाताणीत दोन्ही जातात.

जुनी केबल काढायची असेल तर ऑपरेटरनं पाथ ऑफलाइन घेतल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. नवीन जोडल्यावर त्याच्याकडून डिस्प्ले कमांड मारून घे, पाथ ऑनलाइन दिसला पाहिजे. जोडण्याआधी पॉवर मीटरवर आलेला डीबीएमचा (प्रकाशाच्या ताकदीचा) आकडा तारखेसह वहीत त्याच ओळीपुढं लिही. पुढं कधी एरर आल्या तर ताडून बघायला तोच लागतो.