लॅनचं नेट ये-जा करतंय? आधी केबल बघा, मग सेटिंग

लॅनचं, म्हणजे ऑफिसात तारेने जोडलेल्या संगणकांचं, नेट पूर्ण बंद पडलं तर दोष लवकर सापडतो. डोकेदुखी असते ती मधूनच क्षणभर जाऊन परत येणाऱ्या नेटची. टॅलीचा शेअर केलेला डेटा अडकतो, व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो, आणि कोणी बघायला येईपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं. अशा वेळी लगेच विंडोज फॉरमॅट करायला घेऊ नका. बहुतेक वेळा दोष संगणकात नसतोच.

आधी नेट कुठे तुटतं ते ठरवा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप केलं की डिफॉल्ट गेटवे दिसतो. तो तुमच्या राउटरचा पत्ता. आता कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत या पत्त्याला पिंग (समोरून उत्तर येतं का ते बघणारी कमांड) लावा, दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरला, आणि दोन्हीकडे शेवटी हायफन-टी (-t) द्या, म्हणजे पिंग चालूच राहील. नेट गेलं तेव्हा दोन्ही एकदम तुटले तर दोष ऑफिसच्या आत आहे. राउटरचा पिंग नीट चालू आणि फक्त दुसरा तुटला, तर नेट पुरवणाऱ्याला फोन करा; केबल उपसण्यात अर्थ नाही. तारेवरून राउटरचं उत्तर साधारण १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवं. अधूनमधून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर लिंक, म्हणजे केबलवरची जोडणी, बहुधा टिकून असते, पण पॅकेट (डेटाचे तुकडे) वाटेत हरवतात. ‘जनरल फेल्युअर’ आलं तर बहुधा लिंकच तुटलेली असते.

यानंतर सेटिंग्जमधल्या इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड बघा. संगणक आणि स्विच (सगळ्या केबल एकत्र जोडणारा डबा) दोन्ही गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे, असून तिथे १०० एमबीपीएस दिसत असेल तर केबलवर संशय घ्या. केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. १०० च्या वेगाला केशरी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार सुटली तरी नेट चालतं, पण वेग पडतो, आणि तार हलली की लिंक तुटून परत जुळते. मात्र संगणकाची केबल आयपी फोनमधून (नेटवर्कवर चालणाऱ्या ऑफिसच्या फोनमधून) गेली असेल तर आधी तो फोन बाजूला काढून थेट जोडून बघा. बऱ्याच जुन्या फोनचा पोर्ट १०० चाच असतो, शिवाय फोन रीस्टार्ट झाला की संगणकाचं नेटही जातं.

आता अदलाबदल. ज्या संगणकाचं नेट नीट चालतं त्याची पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली सुटी केबल) अडचणीच्या संगणकाला लावा. मग स्विचचा पोर्ट बदला. मग त्याच नेटवर्क सॉकेटला लॅपटॉप लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि एरवी जितक्या वेळात नेट जातं त्याच्या दुप्पट वेळ थांबायचं. नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. खुर्चीच्या चाकाखाली येणारी केबल आणि लॉकची पट्टी तुटलेला कनेक्टर दिसला की सरळ बदला.

कनेक्टर नव्याने क्रिम्प करायचा, म्हणजे तारांवर दाबून बसवायचा, असेल तर तारांचा क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकालाही हाच. मनाने रंग लावून दोन्ही टोकं सारखी केली तरी केबल टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात, पण जोड्या फुटल्यामुळे तारांचे सिग्नल एकमेकांत मिसळतात. स्वस्त टेस्टरवर विसंबू नये ते यासाठी. तारांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका, आणि केबलचं बाहेरचं आवरण कनेक्टरच्या दाबपट्टीखाली गेलंच पाहिजे. ते बाहेर राहिलं तर सगळा ताण बारीक तारांवर येतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण वाकवली की तार आतल्या आत तुटते. ती घेऊ नका.

संगणक यूपीएसवर आणि स्विच विजेच्या साध्या सॉकेटवर, ही मांडणी आपल्याकडे सर्रास दिसते. वीज क्षणभर गेली की संगणक चालू राहतो, स्विच मात्र रीस्टार्ट होतो. एकाच वेळी सगळ्यांचं नेट जात असेल तर आधी हेच तपासा. स्विचचा ॲडॅप्टर ढिला झाला असेल तरीही असंच होतं.

केबल ठीक निघाली तरच सेटिंगकडे वळा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी खूण काढा. ॲडव्हान्स्डमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट आणि ग्रीन इथरनेट हे वीज वाचवणारे पर्याय बंद करा. स्पीड-डुप्लेक्स ऑटोवरच ठेवा: एका बाजूला हाताने फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी डेटा) आणि दुसरीकडे ऑटो असेल तर ऑटोवाली बाजू हाफवर (एका वेळी एकाच दिशेने) जाते, आणि काम वाढलं की नेट रखडतं.

आयपी पत्ता (नेटवर्कवरचा संगणकाचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. एकच पत्ता दोन संगणकांना दिला गेला असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये टीसीपीआयपीच्या नावाने ४१९९ क्रमांकाची नोंद सापडते. हाताने पत्ता टाकलेला प्रिंटर त्यात बऱ्याचदा गुंतलेला असतो.

भिंतीतली केबल बदलायची वेळ आलीच, तर स्विचपासून संगणकापर्यंत पॅच कॉर्ड धरून १०० मीटरच्या आत राहा, विजेच्या वायरच्या पाइपातून ती नेऊ नका, आणि दोन्ही टोकांवर एकच नंबर लिहून ठेवा.