सीसीएनए, नेटवर्क प्लस की मायक्रोटिक? गावाकडच्या पोरापोरींसाठी

कापसाचा चुकारा हातात आला, की आमच्या दारव्ह्यात बापलोक विचारत येतात, "ताई, पोराले कोणता कोर्स लावू?" मी तालुक्यात पतसंस्था, शाळा, जिनिंग आणि केबलवाल्यांची नेटवर्कं सांभाळते, म्हणून मला विचारतात. मी आधी उलटं विचारते, की पोरगं काम कुठं करणार आहे? इथंच राहून शेतीही बघणार, की नागपूर-पुण्याला जाणार? परीक्षा कोणती द्यायची ते त्याच्यावर ठरतं. बहुतेक जण परीक्षा आधी ठरवतात आणि कामाचा विचार पैसे भरल्यावर करतात.

इथंच राहायचं असेल तर काम आहे फायबर, सीसीटीव्ही आणि घरोघरच्या वायफायचं. त्याला प्रमाणपत्र कोणी मागत नाही. ओएनटीवर, म्हणजे घरातल्या फायबरच्या डब्यावर, लाल दिवा लागला, तर पॉवर मीटर (फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणारं यंत्र) लावून लाइन कुठं तुटली ते सांगता येतं का, एवढंच बघतात. रीडिंग उणे २७ डीबीएमच्या खाली गेलं, की साध्या ओएनटीचा भरवसा उरत नाही. मग कनेक्टर पुसायचा, वळण बघायचं, स्प्लिटरपर्यंत, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डबीपर्यंत, मागं जायचं. हे आयटीआयमध्ये थोडं आणि खांबावर जास्त शिकायला मिळतं.

पण केबलवाल्याच्या खोलीत रॅकपाशी बसायचं असेल, तर मायक्रोटिक या राउटर बनवणाऱ्या कंपनीची एमटीसीएनए ही परीक्षा मला कामाची वाटते. लहान इंटरनेटवाल्यांकडं पीपीपीओई, म्हणजे ग्राहकाचं नाव-पासवर्ड तपासून लाइन चालू करणं, आणि ग्राहकांचा वेग वाटून द्यायचं काम पुष्कळदा मायक्रोटिकवरच चालतं. परीक्षा लहान आहे, २५ प्रश्न आणि एक तास, पास व्हायला ६० टक्के. अडचण अशी, की ती अधिकृत ट्रेनरच्या वर्गाला जोडूनच होते, घरी वाचून थेट देता येत नाही. सराव मात्र फुकट होतो. त्यांचं सीएचआर नावाचं राउटरचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालतं. बिनपैशाच्या लायसनमध्ये वेग १ एमबीपीएसला बांधलेला असतो, शिकायला तेवढा पुरतो.

आता बाहेर जाणाऱ्यांचं. नागपूरच्या मिहानमध्ये किंवा पुण्यात एनओसीत, म्हणजे रात्रपाळी करून नेटवर्कवर नजर ठेवण्याच्या कामात लागायचं असेल, तर मी सीसीएनए, म्हणजे सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीची परीक्षा, सांगते. आपल्याकडच्या जाहिरातींत हेच नाव जास्त दिसतं. परीक्षेचा क्रमांक २००-३०१, वेळ १२० मिनिटं, आधीची कोणतीही परीक्षा दिलेली लागत नाही. फी ३०० डॉलर. कर धरून आणि डॉलरच्या भावाप्रमाणे ती तीस हजारांच्या आसपास जाते. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम लहान नाही, म्हणून ती कधी भरायची याचा विचार नीट करा. प्रमाणपत्र तीनच वर्षं चालतं. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला काढलं तर नोकरीला लागेपर्यंत निम्मंअधिक आयुष्य संपलेलं असतं. अभ्यास कधीही सुरू करा, परीक्षा मात्र शेवटच्या वर्षाला द्या.

नेटवर्क प्लस ही कॉम्पटिया या संस्थेची परीक्षा. ती कोणत्या एका कंपनीच्या उपकरणांना बांधलेली नाही. सध्याची आवृत्ती एन१०-००९, जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटं, १०० ते ९०० च्या मापावर ७२० ला पास. अभ्यासक्रम चांगला आहे, बिघाड शोधण्यावर त्यात सगळ्यात जास्त भर आहे, २४ टक्के. पण एकाच परीक्षेचे पैसे असतील तर मी तिच्यावर घालणार नाही. सिस्कोचीच एक धाकटी परीक्षा आहे, सीसीएसटी नेटवर्किंग. ५० मिनिटांची, अमेरिकेतल्या दराने सीसीएनएच्या निम्म्याहून स्वस्त. परीक्षेची भीती मोडायला ठीक आहे. सीसीएनए करणारच असाल तर ती गाळली तरी काही बिघडत नाही.

आणि कोणतीही फी भरायच्या आधी हे करा. सिस्कोच्या शिकवणीच्या साइटवर, म्हणजे नेटअ‍ॅकॅडवर फुकट खातं उघडा, 'नेटवर्किंग बेसिक्स' हा कोर्स घ्या आणि पॅकेट ट्रेसर उतरवून घ्या. त्यात राउटर, स्विच जोडून खरोखरीसारख्या कमांड देता येतात. साधा जुना लॅपटॉपही चालतो. मग आपल्या ओळखीची एखादी जागा त्यात उभी करा. मी पोरांना जिनिंग देते. गेटजवळ वजनकाटा, आत ऑफिस, मागं कॅमेरे, आणि मालकाच्या पाहुण्यांसाठी वायफाय. आता १९२.१६८.१०.० हे २५६ पत्त्यांचं नेटवर्क चार भागांत कापा. प्रत्येकी ६४ पत्ते, त्यातले वापरायला ६२, आणि भाग सुरू होतात ०, ६४, १२८, १९२ पासून. प्रत्येक भागाला वेगळा व्हीलॅन द्या, म्हणजे त्याच स्विचवर वेगळं नेटवर्क. पाहुण्याच्या मोबाइलवरून काट्याचा कॉम्प्युटर दिसला नाही पाहिजे, अशी एसीएल, म्हणजे कोणाला कुठं जाऊ द्यायचं याची नियमयादी, लावा. काटा ऑफिसपासून १०० मीटरच्या पलीकडं आहे, मग साधी लॅन केबल चालेल का? नाही, तिथं फायबर टाका किंवा मध्ये स्विच बसवा. (खऱ्या जिनिंगात स्विचच्या जाळीत रुई जाऊन बसते, ते पॅकेट ट्रेसर शिकवत नाही.)

एवढं स्वतः उभं करून, मग मुद्दाम मोडून, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता आलं, तर परीक्षेचा विचार करा. कंटाळा आला तर तीस हजार वाचले.

सीसीएनएत सगळ्यात मोठा भाग आयपी कनेक्टिव्हिटीचा आहे, २५ टक्के. म्हणजे राउटिंग टेबल (कोणता डेटा कोणत्या रस्त्यानं पाठवायचा त्याची यादी) वाचणं, स्टॅटिक रूट (हातानं लिहिलेला रस्ता), एका एरियाचं ओएसपीएफ (राउटरनं रस्ता आपोआप शोधणं). ऑटोमेशनला, म्हणजे प्रोग्राम लिहून नेटवर्क चालवण्याला, १० टक्के. पोट्टे पायथनच्या नावानं घाबरतात आणि त्याच्यातच महिना घालवतात. त्या आधी सबनेटिंग, म्हणजे वर केलं तसं नेटवर्क कापणं, बोटांवर येऊ द्या. परीक्षा मराठीत नाही, हिंदीतही नाही. मराठी शाळेतल्या पोरांना नेटवर्किंगपेक्षा लांबलचक इंग्रजी प्रश्नच जड जातो. सराव करताना रोज काही प्रश्न घड्याळ लावून वाचा. सिस्कोच्या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, त्यामुळं 'नंतर बघू' हा शाळेतला हिशेब इथं चालत नाही.

क्लास लावायचा असेल तर '१०० टक्के प्लेसमेंट'चा बोर्ड सोडा आणि आत जाऊन तीन गोष्टी विचारा. शिकवणाऱ्याकडं स्वतःचं चालू प्रमाणपत्र आहे का? हात लावायला खरे स्विच-राउटर आहेत का? फीमध्ये परीक्षेचं व्हाउचर (परीक्षेची फी भरल्याचा कोड) आहे की नाही, ते पावतीवर लिहून द्याल का? बरेच क्लास स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र देतात आणि घरच्यांना वाटतं पोरगं सीसीएनए झालं. सिस्कोचं प्रमाणपत्र कंपनीला ऑनलाइन पडताळता येतं, क्लासचं तसं नाही. आणि कोणी खऱ्या प्रश्नांची पीडीएफ देतो म्हणाला तर तिथून उठा. पकडलं गेलं तर निकाल रद्द होतो. नाही पकडलं तर मुलाखतीत कळतंच.

सीसीएनएची परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत होते, केंद्रावर किंवा घरून. खेड्यातून घरून देऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. खोलीत कुणी आलं तरी अडचण, लाइन गेली तरी अडचण, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरवसा ठेवू नका असं ते स्वतःच सांगतात. भारनियमनाचं वेळापत्रक परीक्षेला विचारून येत नाही. शहरातल्या केंद्राची तारीख घ्या आणि आदल्या संध्याकाळीच एसटीनं जा.

खातं उघडतानाच नावाचं बघून घ्या. ओळखपत्रावरचं आणि खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे. आपल्याकडं आधारवर बापाचं नाव मध्ये असतं, मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आणि लग्न झालेल्या पोरींचं तर दोन कागदांवर दोन तऱ्हेचं. फरक असेल तर परीक्षेच्या महिनाभर आधी दुरुस्ती मागा.

नापास झालात तर सिस्कोच्या नियमानं पाच दिवस थांबावं लागतं आणि फी पुन्हा पूर्ण लागते. निकालाच्या कागदावर प्रत्येक भागात किती टक्के पडले ते असतं. पास व्हायला किती लागतात हे सिस्को जाहीर करत नाही, म्हणून एकूण आकड्याचा तर्क करत बसू नका. सगळ्यात कमी पडलेला भाग पॅकेट ट्रेसरमध्ये पुन्हा उभा करा, आणि दुसरी तारीख पुढच्या चुकाऱ्यानंतर घ्या.