आत्मचरित्रात बड्या माणसाचं नाव घेताय? छापायला देण्याआधी एवढं करा

निवृत्त अधिकाऱ्यांची आणि जुन्या कार्यकर्त्यांची आत्मचरित्रं मी संपादित करते. बहुतेकांत एक प्रकरण असतंच, जिथे एखाद्या आमदाराचा नाहीतर चेअरमनचा जुना हिशेब चुकता करायचा असतो. करा की. फक्त आधी पेन्सिल घेऊन बसा आणि त्या माणसाची अब्रू जाईल अशा प्रत्येक वाक्यावर खूण करा. समासात लिहा: स्वतः पाहिलं, कागद आहे, की कुणी सांगितलं?

'कुणी सांगितलं'वाली वाक्यं सगळ्यात धोक्याची. 'असं म्हणतात', 'तेव्हा चर्चा होती' अशी शेपूट लावली की सुटलो, असं लेखकांना वाटतं. नाही सुटत. दुसऱ्याचा आरोप छापणाराही जबाबदार धरला जातो. नाव बदलूनही भागत नाही. तालुक्याला माणूस ओळखता आला की बदनामीचा दावा उभा राहतो.

एका हस्तलिखितात होतं, 'साहेबांनी पैसे खाऊन माझी बदली केली.' लेखकाकडे बदलीचा आदेश होता, पैशांचा पुरावा नव्हता. आम्ही ते असं केलं: 'टेंडरच्या फायलीवर मी हरकत नोंदवली. सहाव्या दिवशी बदलीचा आदेश हातात पडला.' सूचक अर्थावरूनही दावा होऊ शकतो, हे खरं. पण इथे दोन्ही वाक्यांमागे कागद आहे, आणि वाचक दुधखुळा नसतो.

कागद का, तर दिवाणी दाव्यात सत्य हा पुरता बचाव आहे, पण ते सिद्ध तुम्ही करायचं. फौजदारीत नुसतं खरं असून चालत नाही, ते लोकहिताचंही असावं लागतं. 1 जुलै 2024 पासून बदनामीचा हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. म्हणून टेंडरवर बिनधास्त लिहा, साहेबांच्या घरातली भांडणं शक्यतो गाळा. माणूस वारला म्हणूनही निर्धास्त राहू नका. नातेवाइकांच्या भावना दुखवायच्या हेतूने लिहिलं, तर तोही गुन्हाच.

खरी भीती मात्र शिक्षेची नाही, मनाई हुकुमाची. खुशवंत सिंग यांच्या आत्मचरित्रातला उतारा 1995 मध्ये छापून आला, मनेका गांधी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि पुस्तक अडकलं. खंडपीठाने बंदी उठवली 2001 मध्ये. पुस्तक आलं 2002 मध्ये. शेवटी लेखक जिंकला म्हणायचं, पण तेवढी वर्षं हस्तलिखित पडून राहिलं! त्याआधी 1994 च्या 'ऑटो शंकर' खटल्यात, म्हणजे या नावाच्या कैद्याच्या आत्मचरित्रावरून झालेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की बदनामी होईल या भीतीने सरकारी अधिकारी आत्मचरित्राचं प्रकाशन आधीच रोखू शकत नाहीत. छापल्यावर दाद मागावी. कोर्टाच्या निकालासारख्या सार्वजनिक नोंदींवर आधारलेला मजकूर संमतीशिवाय छापता येतो, हेही त्यातच आहे. तेव्हा निकालांच्या प्रती जमवा.

समोरचा कोर्टात जाणार अशी कुणकुण लागली, तर वकिलाकडून कॅव्हेट, म्हणजे 'आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज, दाखल करून ठेवा. म्हणजे तुमचं न ऐकता एकतर्फी मनाई मिळणं अवघड होतं. ते 90 दिवस टिकतं, पुढे नवं करावं लागतं. प्रकाशकाच्या करारातलं हमीचं कलमही वाचा. बरेचदा दाव्याचा सगळा खर्च लेखकाच्या गळ्यात मारलेला असतो. सही करण्याआधी त्यावर घासाघीस करा.

नोटीस आलीच, तर पाकीट फेकू नका, त्यावरची तारीख लागते. स्वतः उत्तर लिहू नका, साहेबांना फोन तर मुळीच नको. आणि फेसबुकवर 'मी घाबरत नाही' टाकण्याचा मोह आवरा, तीच पोस्ट पुढे तुमच्याविरुद्ध जोडली जाते.

दिवाणी दाव्याची मुदत प्रकाशनापासून एक वर्ष, फौजदारी तक्रारीची साधारण तीन वर्षं. तोवर डायऱ्या, आदेश, पत्रं रद्दीत घालू नका. नवी आवृत्ती निघाली तर मोजणी पुन्हा सुरू होऊ शकते, तेव्हा खोकं माळ्यावर टाकण्याआधी प्रकाशकाला विचारा.