अमेरिकेत फार्म.डी.ला जायचंय? कोर्स निवडताना या चुका टाळा

आपल्याकडे बारावीला पीसीबी किंवा पीसीएम घ्यायचं, सीईटी द्यायची की थेट बी.फार्म. त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी आईबाबांच्या डोक्यात 'प्री-फार्मसी' हा प्रकार लवकर शिरत नाही. फार्म.डी. म्हणजे तिथे फार्मासिस्ट व्हायला लागणारी पदवी. तिच्या चार वर्षांआधी साधारण दोन वर्षं कॉलेजात ठरावीक विषय करावे लागतात, आणि घोळ होतो तो तिथेच.

माझ्या भाचीचंच सांगते. पहिल्या सेमिस्टरला तिने केमिस्ट्री घेतली, 'ए' मिळवला आणि दीड वर्षाने कळलं, तो कोर्स फार्मसीला धरतच नाहीत. कॅटलॉगमध्ये केमिस्ट्रीचे दोन कोर्स होते. एक नर्सिंगवगैरे करणाऱ्यांसाठी, दुसरा सायन्स मेजरवाल्यांसाठी. नावं सारखीच वाटणारी. हिने वेळापत्रकात बसला तो उचलला. तेव्हा नावावर जाऊ नका, कोर्स नंबर बघा. सायन्स मेजरची, दोन सेमिस्टरची, लॅबसकट केमिस्ट्री लागते. ऑर्गॅनिकचंही तेच. एका सेमिस्टरात उरकणारा 'सर्व्हे' कोर्स सहसा चालत नाही.

याहून महाग पडते ती साखळी तुटणं. जनरल केमिस्ट्री १ शिवाय २ नाही, २ शिवाय ऑर्गॅनिक १ नाही, मग ऑर्गॅनिक २. जिथे बायोकेमिस्ट्री मागतात तिथे ती त्यानंतर. मोजा: पाच सेमिस्टर, एकामागून एक. पहिल्याच फॉलला केमिस्ट्री राहिली आणि पुढचा कोर्स कॉलेजात वर्षातून एकदाच असला, की अख्खं वर्ष गेलं. समरमध्ये भरून काढता येतं म्हणतात. येतं, पण आठ-दहा आठवड्यांत ऑर्गॅनिक आणि तिची लॅब म्हणजे जेवायलाही फुरसत नाही.

कमी ग्रेड आली तर 'पुन्हा घेऊ, जुनी पुसली जाईल' असं मुलं सांगतात. कॉलेज पुसत असेलही. फार्मकॅस या सामायिक अर्जात मात्र जीपीए काढताना दोन्ही ग्रेड धरतात. 'सी मायनस' तर बऱ्याच ठिकाणी पासच मानत नाहीत.

मेजर बायॉलॉजीच हवं हा आपला हट्ट. तसं काही नाही. लागणारे विषय पूर्ण असले की मेजर कुठलंही चालतं, आणि अनेक ठिकाणी आधीची पदवीही लागत नाही. राहून जातात ते स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स आणि पब्लिक स्पीकिंग. ("भाषणाचा कोर्स कशाला?" हे आमच्या घरात मीच विचारलं होतं.) शाळेत केलेल्या एपीचं (कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचं) क्रेडिट कॉलेजने दिलं म्हणून फार्मसी स्कूलही मानेल असं नाही. आणि कुणी दादा-ताई पीकॅटची (फार्मसीच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करायला सांगत असतील तर ती परीक्षा जानेवारी २०२४ नंतर बंद झाली आहे.

उपाय कंटाळवाणा आहे. आवडीच्या चार-पाच स्कूलची यादी काढा, एक्सेलमध्ये आडवी स्कूलं, उभे विषय मांडा आणि शंका असेल तिथे सिलॅबस जोडून ॲडमिशन ऑफिसला ईमेल करा. फोनवरचं 'हो' धरू नका, लेखी उत्तर मागा. प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवा. काही स्कूलं ठरावीक वर्षांपेक्षा जुने सायन्सचे कोर्स घेत नाहीत, तेव्हा मधे नोकरीसाठी थांबायचं असेल तर ती मुदतही आधीच विचारून घ्या.